लॅपटॉप घरी ठेवून कातळशिल्पांकडे: पाच दिवस, एक फोन

मार्चच्या पहिल्या आठवड्यात रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतल्या काही कातळशिल्पांची, म्हणजे उघड्या कातळावर कोरलेल्या जुन्या आकृत्यांची, नोंद करायला गेले होते. काम असं: प्रत्येक ठिकाणी फोटो काढायचे, मापं घ्यायची, अक्षांश-रेखांश टिपायचे, गावातल्या माणसांशी बोलायचं आणि रात्री दिवसभराचा तक्ता व टिपण संपादकांकडे पाठवायचं. एरवी या कामाला लॅपटॉप, कॅमेरा, दोन लेन्स, चार्जर असा आठ-नऊ किलोंचा पसारा पाठीवर असतो. यंदा मणक्याच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी ओझं उचलायला सक्त मनाई केली. काम सोडायचं नव्हतं. म्हणून ठरवलं, सगळं फोनवर करायचं. फोनवर खरंच काम होतं, की काम झाल्याचं नुसतं समाधान मिळतं, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. पाच दिवसांत त्याचा छडा लागेल असं वाटलं.

पिशवीत घेतलं ते एवढंच: फोन, दहा हजार एमएएचची पॉवर बँक, फोनला थेट लागणारा पेनड्राइव्ह, घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड, तीस मीटरचा टेप, वही, पेन्सिली आणि छत्री. पॉवर बँकेवरचा आकडा बघून फसू नका. दहा हजारांच्या बँकेतून पाच हजारांचा फोन दोनदा भरेल असा हिशोब आपण करतो, पण विजेचा दाब बदलताना बरीच ऊर्जा उष्णतेत जाते. प्रत्यक्षात सव्वा ते दीड वेळाच भरतो. दिवसभर कॅमेरा आणि जीपीएस चालू असेल तर हा फरक फार मोठा असतो.

पहिला दिवस: गाडी, बोगदा, उक्षी

मांडवी एक्सप्रेसनं निघाले. पनवेल मागे पडल्यावर टीसी आले. त्यांच्या हातात आता कागदी चार्ट नसतो, हातात मावणारं यंत्र असतं. माझ्यासमोर एक आजी आरएसीच्या तिकिटावर बसल्या होत्या. पुढच्या डब्यात एक जागा रिकामी राहिली होती. टीसींनी दोनदा बोट टेकवलं आणि म्हणाले, "आजी, तुम्ही तिकडे जाऊन बसा, ती जागा तुमच्या नावावर केली." आजींनी विचारलं, "चिठ्ठी नाही देत का?" "मशीनमध्ये आहे," ते म्हणाले. तरी त्यांनी आजींच्या तिकिटावर पेनानं नंबर लिहून दिला. मला ते फार बरं वाटलं. यंत्र त्यांच्यासाठी होतं, पेनानं लिहिलेला आकडा आजींसाठी.

मी गाडीत बसून मागच्या दौऱ्याचं टिपण तपासायला घेतलं. कोकण रेल्वेवर हे करायचं तर आधी सगळं फोनमध्ये उतरवून घ्या. नव्वदच्या वर बोगदे आहेत, प्रत्येकात रेंज जाते, आणि बाहेर आल्यावर ती परत येईतो पुढचा बोगदा तोंड उघडून उभा असतो. उक्षी गेलं की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. त्या अंधारात माझं टिपण फोनमध्येच होतं म्हणून काम चालू राहिलं. शेजारचा मुलगा कुठल्याशा कार्यालयाचा फॉर्म ऑनलाइन भरत होता, त्याचा अर्ध्यावर पुसला गेला. तो बिचारा भोके स्टेशनापासून पुन्हा पहिल्या रकान्यावर.

रत्नागिरीला मामेभाऊ गाडी घेऊन आला होता. "ताई, सामान एवढंच?" त्यानं दोनदा विचारलं. जेवून, ऊन उतरल्यावर मागे उक्षीला आलो.

उक्षीचं शिल्प म्हणजे कातळात कोरलेला हत्ती. भोवती चिऱ्याची भिंत घालून ते जपलंय. पाच वाजून गेले होते. मावळतीचं ऊन तिरपं पडलं की कातळातल्या चरांच्या एका कडेला सावली साठते आणि दुपारी सपाट दिसणारी रेघ एकदम उठून येते. तिथं मी फोन कातळाला जवळजवळ टेकवला, तेव्हा चरीच्या काठावरचे खडबडीत दाणे, त्यात अडकलेली वाळलेल्या गवताची काडी, तळाशी शेवाळाचा काळा सुकलेला पापुद्रा, सगळं स्वच्छ टिपलं गेलं. मोठा कॅमेरा इतक्या खाली नेऊन बघायचं तर पोटावर झोपावं लागतं. माझ्या पाठीला ते झेपलं नसतं. इथे फोन नुसता चालला नाही, सरस ठरला.

दुसरा दिवस: कशेळीचा सडा आणि ऊन

सकाळी घावणे आणि नारळाचं दूध खाऊन निघालो. कशेळीला पोचेपर्यंत साडेदहा वाजले, ही चूक झाली.

कशेळीच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरचा, हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांच्या आकृत्या कोरलेल्या आहेत. कोकणातल्या ज्या कातळशिल्पांची ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यांत हे आहे. उक्षी आणि देवाचे गोठणेही आहेत. हत्तीजवळ उभं राहिलं तर हत्ती दिसत नाही. रेघा दिसतात. पाय कुठला, सोंड कुठली, हे चालत चालत जुळवावं लागतं.

अकरानंतर कातळ तापला. जांभा एकदा तापला की खालूनही झळ मारतो. फोनच्या पडद्याचा उजेड आपोआप मंदावला, मग कॅमेरा हळू झाला, आणि सव्वाबाराला फोन थंड होईपर्यंत थांबा अशी सूचना आली. बहुतेक कंपन्या फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगतात, सड्यावर मार्चच्या दुपारी ती मर्यादा केव्हाच मागे पडते. मामेभाऊ म्हणाला, "ताई, बर्फाच्या पिशवीत ठेवू का?" अजिबात ठेवू नका. गरम फोन एकदम गार केला की आत दव धरतं. कव्हर काढा, कॅमेरा आणि जीपीएस बंद करा, सावलीत वारा लागेल असा ठेवा. आम्ही छत्रीखाली ठेवला, वीस मिनिटांत ताळ्यावर आला. त्यानंतर मात्र सकाळी साडेसहा ते दहा आणि दुपारी चारनंतर एवढंच काम करायचं ठरवलं. शिल्पांना उजेडही त्याच वेळी चांगला मिळतो.

मुक्काम गावातल्या एका घरी होता. जेवायला ओल्या काजूची उसळ, तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि सोलकढी. काकूंनी ओले काजू सोलताना हाताला तेल लावून घेतलं होतं, नाहीतर डिंकानं कातडी भाजते. ही उसळ खायला मार्चमध्येच जावं.

तिसरा दिवस: आजोबा, दोनशे बारा फोटो आणि एक चुकलेली ओळ

पहाटे सड्यावर वारा गार होता. टेप पसरला आणि हत्तीच्या एका टोकापासून रांगेनं फोटो काढत गेले. फोन काठीला बांधून डोक्यावर धरायचा, पडदा आडवा ठेवायचा, आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा दोन तृतीयांश भाग आला पाहिजे. पुढे संगणकावर हे फोटो जोडून वरून पाहिल्यासारखी एकसंध प्रतिमा करता येते. मापासाठी चौकटीत टेप दिसू द्या. रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा चुना मात्र कधीच भरू नका.

जीपीएसबद्दल इथेच सांगते. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, कारण फोन उपग्रहांचे संदेश नुसते ऐकत असतो. फरक एवढाच, की नेट असलं तर उपग्रह कुठे आहेत ही माहिती झटकन मिळते. नसलं तर ती उपग्रहाकडूनच सेकंदाला ५० बिट्स या गतीनं घ्यावी लागते, आणि तिला साधारण अर्धा मिनिट लागतं. फोन उघड्या आभाळाखाली धरून मिनिटभर थांबा, मगच आकडे टिपा. एवढं करूनही साध्या फोनची चूक पाचेक मीटर असते. १८ मीटरच्या हत्तीपर्यंत पोचायला ती चालते. हत्तीचा पाय कुठे संपतो ते सांगायला चालत नाही, तिथे टेपच हवा.

आठच्या सुमाराला काठी टेकत एक आजोबा आले. ऐंशीच्या पुढचे असतील. नातू सोबत होता. आजोबा बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "ह्या सड्यावर गुरं चारली मी. पावसाळ्यात ह्या सोंडेत पाणी साठायचं. आम्ही पोरं त्यात पानांच्या होड्या सोडायचो." त्यांच्या परवानगीनं बोलणं रेकॉर्ड केलं. वही काढून बसले असते तर ते माझ्या पेनाकडे बघत बोलले असते. फोन खिशात होता आणि आजोबा सोंडेकडे बघत बोलत होते. चाळीस मिनिटं बोलले. गुरांची नावंसुद्धा सांगितली.

शेवटी त्यांनी विचारलं, "ह्यात आख्खा दिसतो काय तो?"

मी फोनवरच फोटो जोडून पाहिले. सोंड मधेच तुटली, मागचे पाय दोनदा आले. आजोबांनी पडदा डोळ्यांजवळ धरला आणि नातवाला म्हणाले, "हा नव्हे." नातवाचा नंबर घेतला आणि परत गेल्यावर अख्खा करून पाठवते असं कबूल केलं.

रात्री तक्ता भरायला बसले. चौदा रकाने. पडद्यावर एका वेळी तीन दिसतात. डावीकडे ठिकाणाचं नाव, उजवीकडे रेखांश, मधे दहा रकाने सरकवायचे. सरकवून आकडा लिहीपर्यंत आपण कुठल्या ओळीवर होतो ते डोळ्यासमोर उरत नाही. मजकूर तोंडी सांगून लिहून पाहिला. 'जांभा'चं 'जांभई' झालं, 'चर'चं 'चार', आणि रेंज गेली तशी तीही सोय गेली. शेवटी कीबोर्ड जोडला. टिपण त्यावर छान झालं, नऊशे शब्द तासाभरात. (देवनागरी टंकायची इनस्क्रिप्ट ही अक्षरांची मांडणी येत असेल तरच बाहेरचा कीबोर्ड न्या. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची फोनमधली सोय माझ्या कीबोर्डवर चालली नाही.) तक्त्याचं दुखणं कीबोर्डनं बरं होत नाही, कारण अडचण टंकण्याची नव्हती, बघण्याची होती.

फोटो दोनशे बारा, जवळजवळ एक जीबी. रेंज फक्त विहिरीच्या कठड्यापाशी. तिथे उभं राहून लहान केलेले बारा फोटो, तक्ता आणि टिपण पाठवलं. बाकीचे पेनड्राइव्हवर उतरवले.

चौथा दिवस: सुई फिरते

सकाळी संपादकांचा फोन. "अहो, उक्षीच्या ओळीत कशेळीचे आकडे दिसतायत. आणि त्याखालचं सगळंच एक घर सरकलंय." मी विहिरीपाशी गेले. खरंच सरकलं होतं. नशीब की मूळ फोटोंमध्ये प्रत्येक जागेचे आकडे फोनने स्वतः नोंदवले होते, ते बरोबर होते. चूक मी ते हातानं तक्त्यात नेताना झाली. मग वहीच्या जोडपानावर आडवा तक्ता आखला, पेन्सिलीनं भरला, दोन्ही बाजू एका नजरेत तपासल्या आणि मग तो फोनमध्ये घातला. दीड तास गेला. लॅपटॉपवर दहा मिनिटांचं काम होतं. जी माणसं म्हणतात की आता फोनवर सगळं होतं, त्यांनी चौदा रकान्यांचा तक्ता एकदा सहा इंचांवर जुळवून बघावा.

दुपारनंतर देवाचे गोठणे. भार्गवरामाच्या देवळापाशी गाडी ठेवून सड्यावर चढलो. शिल्प माणसाच्या आकृतीचं. इथे होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं हे ऐकून होते, पण स्वतः बघणं वेगळं. फोनमधलं होकायंत्र उघडलं आणि आकृतीवर धरलं. उत्तर भलतीकडेच गेली. आधी माझ्या कव्हरचाच संशय आला, कारण त्याच्या झाकणात लोहचुंबक आहे. कव्हर काढलं. हवेत इंग्रजी आठचा आकडा काढून होकायंत्र जुळवून घेतलं. परत धरला, परत तेच. मामेभावाचा फोन घेतला, त्याचीही तीच गत. आठ-दहा पावलं बाजूला सरकलो की दोन्ही फोन शहाण्यासारखे एकच उत्तर दाखवत, आणि पुन्हा आकृतीवर आणले की सुई वळे. आम्ही दोघं लहान मुलांसारखे पुढे-मागे करत होतो.

त्याच वेळी नकाशावरचा आमचा ठिपका मात्र जागच्या जागी होता. जागा उपग्रहांकडून कळते, दिशा फोनमधल्या चुंबकीय संवेदकाकडून. दोन्ही एकाच पडद्यावर दिसतात म्हणून आपण दोन्हींवर सारखाच भरवसा टाकतो. एक गोष्ट घरी आल्यावर लक्षात आली असती तर फार उशीर झाला असता: फोटोसोबत कॅमेऱ्याचं तोंड कुठे होतं तेही नोंदवलं जातं, आणि इथल्या प्रत्येक फोटोत ती दिशा चुकीची. म्हणून सूर्य बघून दिशा ठरवली, वहीत बाण काढला आणि त्या पानाचा फोटो घेतला.

साडेपाचला आभाळ भरून आलं आणि अवकाळी कोसळला. पडद्यावर चार थेंब पडले की फोन वेड्यासारखा करतो. बोट टेकल्यावर पडद्याच्या विद्युतक्षेत्रात होणारा बदल तो ओळखतो, पाण्यानंही तसाच बदल होतो. आपण एकीकडे बोट ठेवतो, तो दुसरीकडेच उघडतो. अशा वेळी आवाज कमी-जास्त करायचं बटण दाबून फोटो काढा, बहुतेक फोनमध्ये ते चालतं. साधी पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली तर वरूनही बोट लागतं. मी पिशवीतून तीस-चाळीस फोटो काढले आणि दौऱ्यातले सर्वांत चांगले तेच निघाले, कारण पावसाचं पाणी चरांत भरलं आणि करड्या कातळावर ती आकृती काळ्याभोर रेघेत उभी राहिली. आजोबांच्या होड्या आठवल्या.

जाणाऱ्यांना एक विनंती. जी शिल्पं अजून राखलेली नाहीत, त्यांचे फोटो सगळ्यांना पाठवताना त्यातली जागेची नोंद काढून टाका. बऱ्याच फोनमध्ये पाठवतानाच तशी सोय असते.

पाचवा दिवस: परतीची एसटी

मामेभावाला कामावर जायचं होतं, म्हणून राजापूरहून रत्नागिरीपर्यंत एसटीनं आले. गाडी खच्चून भरलेली. कंडक्टर एका हातानं वरचा दांडा धरून उभे, दुसऱ्या हातात तिकिटाचं यंत्र. मला न विचारता महिलांचं अर्धं तिकीट, मागच्या काकांना पूर्ण, एका मुलाला पासाची नोंद. नजर माणसांच्या तोंडाकडे आणि रस्त्याकडे, अंगठा बटणांवर. वळणावर गाडी कलली तरी अंगठा चुकला नाही. मी पाच दिवसांत फोनकडे न बघता एकही गोष्ट करू शकले नव्हते, त्यामुळे त्या अंगठ्याकडे बघतच राहिले. उतरताना त्यांना विचारलं, हे काम फोनवर करायला सांगितलं तर? ते म्हणाले, "बटणं आहेत तोवर बरंय ताई. काचेवर बघावं लागतं."

पुढच्या दौऱ्याला फोन नेणारच. लॅपटॉप मुक्कामाच्या घरी कुणाकडून तरी आधी पोचवून ठेवीन, सड्यावर नेणार नाही.

घरी आल्यावर संगणकावर दोनशे बारा फोटो जोडले. रात्रभर यंत्र चालू होतं. सकाळी पडद्यावर हत्ती आला, सोंडेपासून शेपटीपर्यंत सलग. तो नातवाच्या नंबरवर पाठवला. संध्याकाळी नातवाचा निरोप आला: आजोबा म्हणतात हाच तो, पण एवढ्याशा काचेत नको, कागदावर द्या. मोठी प्रत छापून स्पीड पोस्टनं धाडली. पाचव्या दिवशी ती पोचल्याचा संदेश माझ्या फोनवर आला, आणि पाठोपाठ नातवानं फोटो पाठवला. पडवीतल्या भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी हत्ती लावलाय. मी उत्तर दिशा वर धरून छापला होता. त्यांनी तो उलटा टांगला होता. मी नातवाला तसं कळवलं, तर त्यानं आजोबांचंच बोलणं रेकॉर्ड करून पाठवलं: "उलटा नाय तो. घराकडनं वर गेलं की असाच दिसतो."